अनवाणी सोळा पावलं

बाणेरच्या त्या प्रयोगशाळेत सकाळपासून बदाम-पिस्ते, हिरवा चहा, नवे कोरे गालिचे असा थाट मांडला होता, आणि शकीबा नूरझाई त्यातल्या कशालाही हात लावत नव्हती. दर्शनी भिंतीवर तिचाच माणसाएवढा फोटो होता. खाली सोनेरी अक्षरं : ‘अफगाणिस्तानची पहिली तंत्र-उद्योजिका’. कंपनीचे अध्यक्ष अभिराम दळवी गेली पाच वर्षं तिला परिषदांमधून मिरवत होते. आज मात्र त्यांनी फोटोवर जाड पडदा ओढून घेतला होता, कारण येणाऱ्या पाहुण्यांना बाईचा चेहरा चालत नव्हता.

“तासाभराचा तर प्रश्न आहे, शकीबाजी. मनाला लावून घेऊ नका,” दळवी म्हणाले.

“मी कुठे लावून घेतेय? पाहुणे माझ्या देशाचे, यंत्र माझं, पडदाही माझ्यावरच. सगळं घरातल्या घरात आहे.”

अठराव्या वर्षी हेरातहून पुण्याला शिकायला आलेल्या शकीबाचं मराठी आता चोख झालं होतं, आणि पुण्यात शिकल्यामुळे ते हवं तेव्हा बोचायचंही.

यंत्राचं नाव ‘चालओळख’. शकीबाच्या गावाकडे परक्यासमोर घरच्या बाईचं नाव उच्चारत नाहीत. लग्नपत्रिकेवर नवरीचं नाव नसतं आणि दवाखान्याच्या चिठ्ठीवरही ‘अमक्याची बायको’ एवढंच लिहायची रीत. तिच्या मावशीच्या नवऱ्याला दोन बायका होत्या. एके दिवशी दोघी दवाखान्यात गेल्या, दोघींच्या चिठ्ठ्यांवर तेच एक नाव पडलं, आणि सवतीचं औषध मावशीच्या पोटात गेलं. मावशी पाच महिन्यांची गरोदर होती. दोन दिवसांत आटोपलं. मातीला आलेल्या पुरुषांनी तेव्हाही तिचं नाव घेतलं नाही, आणि या रीतीचा शकीबाला जो उबग आला तो कायमचा.

पुढे शरीरगतीच्या अभ्यासक डॉ. वसुधा केतकर यांच्यासोबत तिने पदपट्टी बनवली. दवाखान्याच्या दारात अंथरायची, चटईसारखी. बाई अनवाणी तिच्यावरून चालत आत येते. नाव विचारायचं नाही, बुरखा वर करायचा नाही. चालण्याच्या लकबीवरून संगणकाच्या पडद्यावर तिचा क्रमांक उमटतो आणि त्या क्रमांकाचंच औषध तिला मिळतं. हेरातच्या आसपास त्रेसष्ट दवाखान्यांत अशा पट्ट्या होत्या आणि यादीत दोन लाखांवर चाली. ही यादी दवाखान्याबाहेर जाणार नाही, असा शब्द शकीबाने त्या बायकांना दिला होता.

मग तिकडे सत्ता पालटली. नव्या राज्यकर्त्यांना त्याच पट्ट्या आता बाजाराच्या वेशीत, बसच्या थांब्यावर हव्या होत्या. कोणती बाई घरचा पुरुष सोबत न घेता बाहेर पडली, कोणत्या घरात रोज त्याच वेळी त्याच पाच मुली जातात, म्हणजे शाळा कुठे लपून भरते, हे त्यांना पाहायचं होतं. दळवींनी संचालकांची मतं गोळा केली, शकीबाला एकटं पाडलं, आणि आजच्या प्रात्यक्षिकाला दवाखान्यांतली बायकांची अख्खी यादी जोडायला लावली. पाहुण्यांवर छाप पडावी म्हणून.

“मी काही आकडे फिरवते. यंत्र आज काहीच ओळखणार नाही,” वसुधाताई हळूच म्हणाल्या.

“नको, ताई. तीच आज्ञावली तिकडे दवाखान्यांत चालते आहे. इथे बिघडवली तर तिथे आज कुणाचं तरी औषध कुणाला तरी जाईल.”

नव्या राज्यकर्त्यांनी धाडलेले पाहुणे पाच होते. म्होरक्या हाजी तोरयाल, भारदस्त, अत्तराचा भपकारा सोडणारा. तो शकीबाकडे पाहत नव्हता आणि तिच्याशी बोलतही नव्हता. जे बोलायचं ते दळवींकडे तोंड करून दरी या तिकडच्या भाषेत बोलायचा. दळवींना दरी कळत नव्हती. त्यामुळे ‘या बाईला सांगा, यंत्र लावायला घे’ हे वाक्य शकीबानेच मराठीत दळवींना सांगितलं, दळवींनी ते तिला सांगितलं, आणि मग ती उठली. दळवींना यात काही वावगं वाटलं नाही, याचीच तिला जास्त शिसारी आली.

चहा झाल्यावर सहाय्यकांनी पदपट्टी अंथरली, बैठकीपासून बाहेरच्या दारापर्यंत. पाहुण्यांमधला चष्मेवाला अभियंता इंग्रजी जाणत होता. त्याने वसुधाताईंना विचारलं, “पायात जोडे असले तर?”

“अनवाणी सोळा पावलं पुरतात. जोडे असले की तीस.”

“वजन वाढलं, ओझं घेतलं, मुद्दाम लंगडलं?”

“टाच कधी टेकते, वजन कोणत्या क्षणी दुसऱ्या पायावर जातं, यातला ठेका मेंदू लहानपणीच बसवतो. लंगडलात तर तुमच्या ठेक्यातच लंगडाल. सात-आठ वर्षांनीही तो फारसा बदलत नाही.”

“आणि चूक?”

“कोट्यवधी चालींत एखादी.”

अभियंत्याने हाजीला सगळं समजावलं. हाजी दाढी कुरवाळत म्हणाला, “यांच्या नोकरांना यांनी पढवलेलं असणार. मी स्वतः चालतो. या यादीत सगळ्या बायका आहेत. यंत्राने मला ‘अनोळखी’ म्हटलं, तर ते खरं.”

चाचणी म्हणून हे अगदी योग्य होतं. शकीबालाही ते मान्य करावं लागलं. हाजीने मोजे काढले आणि तो पट्टीवरून दारापर्यंत सावकाश चालत गेला. सोळाव्या पावलाला संगणकाच्या भिंतीवरच्या पडद्यावर अक्षरं उमटली, दवाखान्यातल्या परिचारिकांना वाचता यावीत म्हणून दरीत.

क्रमांक ४४१७. हेरात, प्रसूतिगृह. सात वर्षांपूर्वी एकूण अकरा भेटी. सहावा महिना. दिलेला आहार : पीठ, तेल, लोहाच्या गोळ्या.

शकीबाला सगळं उलगडायला फार वेळ लागला नाही. सात वर्षांपूर्वी, जुन्या राजवटीत, हाजीच्या डोक्यावर बक्षीस होतं. नाक्यावरचे शिपाई बुरख्याला हात लावत नसत. साऱ्या शहरात लपायला सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे गरोदर बायकांचं बाकडं. बुरखा पांघरून तिथे तो बसला, हे एक वेळ समजण्यासारखं होतं. पण पीठही घेऊन गेला. अकराच्या अकरा वेळा. त्या पिठासाठी पहाटेपासून रांगेत उभ्या राहणाऱ्या बायका तिने डोळ्यांनी पाहिल्या होत्या. आणि हाच माणूस आता बायकांनी बाहेर कधी पडावं ते ठरवणार होता.

दळवींनी अभियंत्याला खोदून विचारलं, आणि पडद्यावर काय लिहिलंय ते कळताच त्यांचा चेहरा उतरला. “बिघाड आहे म्हणा,” ते शकीबाच्या कानाशी लागले. “सुधारून देतो म्हणा. पुरुष वगळून फक्त बायका ओळखेल असं करून देऊ.”

“यंत्राला बाई-पुरुष कळत नाही, अभिराम,” वसुधाताई म्हणाल्या. “ही चाल त्या चालीहून वेगळी, एवढंच कळतं. पुरुष वगळायचे तर आधी बुरख्याखाली कोण आहे ते बघावं लागेल.”

शकीबाने चाचणीच्या अहवालाचा कोरा कागद उचलला आणि मध्ये कुणाला न घेता थेट हाजीसमोर धरला. “निकाल तुम्ही लिहायचा आहे, हाजीसाहेब. यंत्र बरोबर की चूक? बरोबर असेल तर तुमची ही नोंद यादीत राहील, आणि यादी तुमच्या प्रत्येक ठाण्यावर जाईल.”

हाजीने पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. “चूक,” तो म्हणाला.

मग त्याने अभियंत्याकडून लिहवून घेतलं : हे यंत्र पुरुषाला बाई समजतं, ते विश्वासार्ह नाही, देशात जिथे जिथे असेल तिथून काढून नष्ट करावं. जिथे जिथे. म्हणजे त्रेसष्ट दवाखान्यांतूनही. हे तिने हिशेबात धरलं नव्हतं. खाली निर्मात्याची सही हवी होती. ‘मला निकाल मान्य आहे’ या ओळीखाली.

सही केली नाही, तर दळवी नवी बैठक लावतील, हाजीची एक नोंद पुसतील, आणि दोन लाख बायका वेशीवेशीत पकडल्या जातील. केली, तर उद्यापासून चिठ्ठीवर पुन्हा नवऱ्याचं नाव. आयुष्यात मिळवलेल्या सर्वांत अचूक उत्तराखाली ‘चूक’ मान्य करून शकीबाने सही केली. हात धुवावेसे वाटत होते.

पाहुणे उठले. हाजी पट्टीवरूनच तडक बाहेर गेला, त्याला आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मागचे चौघे मात्र थबकले. पट्टी आणि भिंत यांच्यामध्ये वीतभर फरशी उघडी होती. पहिल्याने भिंतीला पाठ लावली आणि तो आडवा सरकत निघाला. त्याच्यामागून दुसरा, तिसरा, आणि शेवटी चष्मा सावरत अभियंता. चौघांपैकी एकाचाही पाय पट्टीवर पडला नाही.

वसुधाताईंना हसू आवरेना.

“हसू नका, ताई,” शकीबा म्हणाली. “हे लोक घरी पोचायच्या आत दवाखान्यांना कळवायला हवं. औषध देताना आता प्रत्येकीला तिचं नाव विचारा म्हणावं. सांगणार नाही कुणी. तरी विचारा म्हणावं.”