छबी तिसऱ्या फेरीला का थांबायची?

छबी झकास सुरू व्हायची, अंगणात दोन फेऱ्या मारायची आणि तिसऱ्या फेरीला ‘फट् फट्’ करत मान टाकायची. सकाळपासून हे चौथ्यांदा झालं होतं.

छबी म्हणजे गुडघ्याएवढी मोटारसायकल. खेळणं मात्र नव्हे! शलाकाचे आबा कोल्हापुरातले नावाजलेले इंजिनतज्ज्ञ. छबीचं मुठीएवढं इंजिन त्यांनी स्वतः ओतून घडवलं होतं. रस्त्यावरची सगळी वाहनं विजेवर धावू लागून तीस वर्षं झाली, तरी छबी उसाच्या मळीपासून काढलेल्या इंधनावर अजून धडधडत होती. आबांचे हात थरथरायला लागल्यापासून तिची देखभाल बारा वर्षांच्या शलाकाकडे होती. तेल बदलणं, हवेची गाळणी धुणं, प्लग (ठिणगी पाडणारा भाग) घासणं, यातलं काहीही ती चुकवत नसे. आणि ते चारचौघांत सांगायलाही चुकत नसे!

आज मात्र ती सारखी घड्याळाकडे बघत होती. चार वाजता जुनी यंत्रं जपून ठेवणाऱ्या यंत्रशाळेच्या कारंडेबाई येणार होत्या. छबीनं न थांबता दहा फेऱ्या मारल्या, तर ‘चालतं यंत्र’ म्हणून ती घरीच राहणार होती. नाही मारल्या, तर इंधन काढून तिची रवानगी काचेच्या कपाटात, कायमची.

आबांचा यंत्रमानव मोजणीराव कामाला लागला होता. मोजणं सोडून त्याला दुसरा छंद नव्हता.

“ठिणगी उत्तम. दाब उत्तम.” मग टाकीचं झाकण उघडून तो आत डोकावला. “इंधन अर्धी टाकी. इंजिनात दोष नाही.”

“मग थांबते कशाला, शहाण्या?”

झाकण लावून शलाकानं किक मारली आणि ती छबीवर बसली. छबी सुरू! दोन फेऱ्या झाल्या, आणि पुन्हा फट् फट्.

आबा कट्ट्यावर बसून मिशीत हसत होते. शलाका वैतागली. “आबा, तुम्हाला कळलंय. सांगा की!”

“मी कशाला सांगू? इंजिन तुझ्या ताब्यात हाय. ते चालतं कसं, तेवढं सांग बघू.”

शलाकानं दम घेतला. “पिस्टन (सिलिंडरच्या आत वरखाली होणारा दट्ट्या) खाली जातो, हवा आणि इंधन आत ओढतो. वर येतो, ते मिश्रण दाबतो. ठिणगी पडते, भडका उडतो, पिस्टन जोरात खाली ढकलला जातो, त्यानं चाक फिरतं. परत वर येताना धूर बाहेर टाकतो.”

“आनि इंधन कुठनं येतं?”

“कार्बोरेटरमधनं (हवेत इंधन मिसळणारा भाग). त्यात ते टाकीतनं नळीनं आपोआप खाली उतरतं.”

“उतरतं? बघितलंस?”

शलाकानं कार्बोरेटरजवळची नळी सोडवून खाली वाटी धरली. दोन थेंब पडले आणि नळी कोरडी! टाकी अर्धी भरलेली असून? तेवढ्यात मोजणीरावानं सवयीनं पुन्हा झाकण उघडलं. ‘सुस्स’ असा आवाज झाला आणि वाटीत धार लागली.

शलाका बघतच राहिली. म्हणजे मोजणीराव दर वेळी मोजायला झाकण उघडत होता, म्हणून छबी सुरू होत होती!

“आबा! आई तेलाच्या डब्याला दोन भोकं पाडते. एकातनं तेल बाहेर, दुसऱ्यातनं हवा आत. इंधन उतरलं की टाकीत वरची जागा रिकामी होते. तिथं हवा शिरली नाही, तर आतला दाब कमी होतो. मग बाहेरच्या हवेचा दाब इंधनाला खाली येऊच देत नाही. पण टाकीला दुसरं भोक कुठंय?”

तिनं झाकण उलटं केलं. आतून मोहरीएवढं भोक दिसलं. वरून मात्र त्या जागी लालभडक ठिपका होता. आज खंडेनवमी. सकाळी तिनं छबीला न्हाऊ घातलं होतं, झेंडूची माळ घातली होती आणि झाकणाच्या बरोबर मध्यावर अंगठ्यानं चांगलं जाडजूड ओलं कुंकू लावलं होतं. आता ते वाळून खडखडीत झालं होतं.

“कुंकू इंजिनात नव्हतं,” मोजणीराव म्हणाला, “म्हणून मोजलं नाही.”

शलाकाचा चेहरा पडला. “एवढी काळजी घेते, आणि मीच छबीचा श्वास कोंडला.”

“अगं, पयल्या वर्षी मीबी हेच केलतं. मी तर दोन दिस अख्खं इंजिन खोलून बसलो. तू नळी सोडलीस आनि डोकं लावलंस.”

तिनं झाकण काढून धुतलं, कोरडं केलं, टाचणीनं भोक मोकळं केलं. मग कुंकवाचं बोट छबीच्या दिव्यावर टेकवलं.

चार वाजता कारंडेबाई आल्या. तिसरी फेरी झाली तेव्हा शलाकानं श्वास रोखला होता, सातवीला तिला हसू फुटलं. दहावी झाली तरी छबी थांबायचं नाव घेईना! बाईंनी नोंदवहीत ‘चालतं यंत्र’ लिहिलं आणि विचारलं, “देखभाल कोण करतं? दर वर्षी तुमचंच नाव असतं, आबा.”

“यंदा शलाका लिवा,” आबा म्हणाले.

शलाकाची मान ताठ झाली. “आबा, चंद्रावर तर बाहेर हवाच नाही. तिथं अशा टाकीतनं इंधन कसं उतरवायचं?”

“ते मला ठावं नाही. तू शोध, आनि मला शिकव.” त्यांनी थरथरत्या अंगठ्यानं तिच्या कपाळावर मोठं कुंकू लावलं. “हितं लावाय काय हरकत नाही. हितं भोक नाही.”

शेजारी मोजणीराव घाईघाईनं स्वतःची भोकं मोजू लागला.