सात नंबरचा खांब

भुताला घाबरलेला माणूस आमच्या घराण्यात सात पिढ्यांत झाला नाही. होणार कसा? भूत समोर येऊन उभं राहीपर्यंत आमच्यातलं कुणी तिथे थांबलंच नाही. तेव्हा पोरांनो, माझ्या शौर्यावर विसंबू नका. ही गोष्ट माझी नाही, मागच्या इमारतीतल्या उपट्याची आहे, आणि तो पळाला नाही याचं कारण त्याच्या हातात खांब होता. ए चष्मेवाल्या, आत्तापासून हसू नकोस. हसायचं कधी ते मी सांगेन. आणि जिन्यातला दिवा राहू दे बंद. गेलाय म्हणून नाही, मीच काढून ठेवलाय.

तर उपट्या. बसच्या खात्यात थांब्यांचे खांब रोवणं हे त्याचं काम. वीस वर्षं रोवले, तेव्हा कुणी त्याला रोव्या म्हटलं नाही. आठवडाभर उपटले, तर जन्माचं नाव पडलं.

त्या साली शहरातले बसमार्ग बदलले. आपल्या गल्लीतून जाणारी सात नंबर बंद झाली आणि तिकडे नव्या रुंद रस्त्याने धावू लागली. खांबावर पाटी लागली, 'प्रवाशांच्या सोयीसाठी'. कुठल्या प्रवाशांच्या, ते लिहायला बहुतेक जागा पुरली नसावी. तळमजल्यावरचे मास्तर खूश. खिडकीखालची घरघर गेली म्हणाले. कॉलेजची पोरं खूश. नवी बस थेट सिनेमाच्या दारात सोडायची. गुडघे धरून चालणाऱ्या शिंपीणबाई तेवढ्या म्हणाल्या, "ज्यांच्या दारात गाड्या उभ्या, बसही आता त्यांच्याच दारात." मी जन्मात कधी बसने गेलो नव्हतो, म्हणून सगळ्यात जास्त मीच ओरडलो.

आणि सगळ्यांचा राग निघाला उपट्यावर. साहेब कुणाला दिसत नाही, पहार घेतलेला माणूस दिसतो. "काय रे, तुझ्या बापाचा रस्ता आहे का?" दिवसाढवळ्या हे ऐकून ऐकून बिचारा रात्रीचं काम करायला लागला.

घरी बायको. ती हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात, दुसऱ्या पाळीला. दुपारपासून रात्रीपर्यंत चादरींना इस्त्री. सात नंबर तिला घराशी सोडायची. आता रुंद रस्त्यावर उतरून पाऊण तास अंधारातून चालत यायचं, याची उपट्याला फार धास्ती. मार्ग बंद झाला त्या रात्री तो अंथरुणात जागा राहिला.

"आलीस कशी?"

"बसने," ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

दमलेल्या माणसाला दुसरा प्रश्न विचारू नये. विचारणारा तरी कुठे ताजातवाना होता? पण ती आली होती नेहमीच्याच वेळी. पाऊण तास उशिरा नाही. हे उपट्याच्या लक्षात आलं नाही. तुमच्या आलं? नाही ना. मग त्याला हसू नका.

आधी दुसऱ्या मार्गांचे खांब निघाले, सातचे शेवटी राहिले. साहेबाने बजावलं होतं, सुरुवात हॉस्पिटलच्या टोकाकडून करायची आणि आपल्या गल्लीकडे यायचं. पण मार्ग बंद झाल्यावरचा तो दुसरा गुरुवार. मदतनीस रजेवर, उपट्याची कंबर धरलेली. त्याने डोकं चालवलं. म्हणाला, एकट्याने एकच खांब निघेल, तर घराजवळचा का नको? काम झालं की दोन पावलांवर अंथरूण.

म्हणजे बघा. चढायचा खांब जागेवर. उतरायचा खांब आधी काढला.

आपली गल्ली अरुंद. जाणाऱ्या आणि येणाऱ्या, दोन्ही फेऱ्यांना हा एकच खांब. रात्री साडेअकराच्या सुमाराला तो बुडाच्या सिमेंटच्या गड्ड्यासकट निघाला. उपट्याने तो रस्त्याकडेला आडवा घातला आणि त्याच्यावरच बसला. बायको आता चालत येईल, मग बरोबरच घरी जाऊ, असा हिशोब.

गल्लीच्या तोंडाशी दोन दिवे वळले.

बस. सात नंबरची.

उपट्याच्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? भूत? छे. त्याला वाटलं, साहेबाने मार्ग परत चालू केला आणि मला नेहमीप्रमाणे कुणी सांगितलंच नाही. त्याने साहेबाला दोन ठेवणीतल्या शिव्याही दिल्या.

मग त्याचं भिंतीकडे लक्ष गेलं. दिवे सरळ त्याच्या अंगावर होते. भिंतीवर त्याची सावली नव्हती.

इंजिनाचा आवाज नव्हता. फक्त काचा खडखडत होत्या. आत पिवळट उजेड. सगळी बाकं भरलेली. सगळ्यांच्या माना खाली. आणि तिसऱ्या खिडकीत, काचेला कपाळ टेकून...

त्याची बायको.

तिने डोळे उघडले. उठली. दोरी ओढली.

टण्.

बस हळू झाली. ड्रायव्हरने मान वळवली नाही. तो नुसता रस्त्याची कड बघत होता. खांब शोधत होता. खांब नाही तिथे थांबा नाही. खांब सोडून गाडी उभी करणाऱ्या ड्रायव्हरांशी उपट्या स्वतः वीस वर्षं भांडला होता. म्हाताऱ्या माणसांना पळवता काय रे, म्हणून.

हा ड्रायव्हर नियमाचा पक्का निघाला.

बसने वेग घेतला. ती खिडकीशी आली. तळहाताने काच बडवत होती. आवाज येत नव्हता. मागचा लाल दिवा... लहान... अजून लहान... गेला.

पुढचा थांबा जुना डेपो. शेवटचा. डेपो पाडून चार वर्षं झाली होती, थांब्याचं नाव तेवढं उरलं होतं. आता तिथे खोल खड्डा होता, काठोकाठ पाण्याने भरलेला.

त्याने फोन लावला. रिंग वाजली. उचलला गेला.

"अगं... हॅलो... अगं..."

पलीकडे श्वास. झोपलेल्या माणसाचा असतो तसा, संथ. एकाचा नव्हे. बसभर माणसांचा.

आता तुमच्यातला कुणी काय करता? मी सांगतो. मला हाक मारता, आणि मी दार उघडत नाही. उपट्याने हाक मारली नाही. त्याला एवढंच सुचलं की बस परत फिरली तर याच गल्लीतून फिरेल. फिरली तर.

उभा करायला एरवी दोघे लागतात तो खांब त्याने एकट्याने उचलला. खड्ड्यात बूड टेकवलं, पाटी रस्त्याकडे केली आणि खांबाला मिठी मारून उभा राहिला. हात भरून आले. मग मांड्या. मग कंबर.

कुत्रं नाही. वारा नाही.

दिवे.

डेपोकडून. चाकांतून पाणी ठिबकत होतं.

जवळ... अजून जवळ...

थांबली.

दार उघडलं. बायको उतरली. केस विस्कटलेले, डोळे अर्धे मिटलेले. एकदा खांबाकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे.

"अहो, हे काय? खांबाला कवटाळून काय उभे आहात? लोक काय म्हणतील?"

हां, आता हसा. कारण पुढचं हसण्यासारखं नाही.

दार बंद झालं नाही.

बस उभीच. कुणाला घाई नव्हती. तिसऱ्या खिडकीपाशी एक जागा रिकामी. थांब्यावर उभा असलेला माणूस म्हणजे प्रवासीच की.

उपट्याने हे मला पुढे एकदाच सांगितलं, तेही खाली बघून. म्हणाला, "घाबरलो असतो तर बरं झालं असतं हो. मला फक्त बसायचं होतं."

त्याचा एक हात खांबावरून सुटला. मग दुसरा. पाय पायरीवर गेला. पायरी कोमट होती.

बायकोने मागून सदऱ्याची कॉलर धरली.

"घरी चला."

दार मिटलं. काचा खडखडल्या. मग काही नाही.

घरी येऊन आडवं झाल्यावर त्याला आठवलं. दोन्ही हात सोडले, पण खांब पडल्याचा आवाज काही आला नाही.

सकाळी मी स्वतः बघितला. खांब उभा. बुडाशी सिमेंट, जुनं, कुठे तडा नाही, कडेने गवत उगवलेलं. पुढे खात्याचं यंत्र आलं, साखळी लावली, साखळी तुटली. दोनदा. मग त्यांनी नाद सोडला. चष्मेवाल्या, तू रोज ज्याला सायकल बांधतोस ना... तोच. बघ, आता कोण हसत नाही ते.

त्याच दिवशी दुपारी बायको डबा भरत होती, तेव्हा उपट्याने धीर करून विषय काढला.

"आजपासून त्या बसमध्ये पाय ठेवायचा नाही."

"बरं."

"बरं काय? ती माणसं... तुला इतक्या रात्रींत कधी कळलंच नाही?"

तिने डब्याचं झाकण दाबून बसवलं. "सगळी मान टाकून झोपलेली असतात. मीही तशीच असते. त्यात मेलेलं कोण आणि दमलेलं कोण, हे बघायचं त्राण कुणाच्या अंगात असतं?"

"ते काही नाही. मी सांगतो ते ऐक."

ती चपला पायात सरकवून दारापर्यंत गेली आणि तिथून वळली.

"ऐकते की. तुम्ही फक्त तुमच्या साहेबांना सांगा, आपल्या गल्लीतून एक जिवंत बस सोडा म्हणावं. ती सुरू झाली की हिच्यात बसायचं मी त्याच दिवशी सोडते."