फायरप्लेसमधला गोप्या

लेस्टरपासून तासाभरावरच्या हॅलमथॉर्प या खेड्यात घर घेतलं तेव्हा सगळ्यांनी अनुयाला वेड्यात काढलं. हॉस्पिटल लांब, बसचा भरवसा नाही, आणि लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवरच्या भारतीय दुकानांतून कोथिंबीर आणायची म्हणजे अर्धा शनिवार गेला. पण दगडी भिंती आणि काळ्या तुळया बघून तिच्या नवऱ्याला, अवधूतला, भूल पडली होती. अनुया मुलांची डॉक्टर. घरात ओल नसावी आणि शांतता असावी, एवढंच तिचं मागणं. त्यातली शांतता मिळाली.

तिथे आल्यावर कस्तुरी झाली. तिच्या आधीची मुलगी पाचव्या महिन्यात पोटातच गेली होती. तिचं नाव दोघांनी ठरवून ठेवलं होतं आणि नंतर कधी तोंडातून काढलं नव्हतं. त्यामुळे कस्तुरी नुसती शिंकली तरी डॉक्टरीणबाईंची डॉक्टरकी पार पळून जायची.

सासूबाईंचा, म्हणजे मधुमतीबाईंचा, व्हिसा रखडला आणि बारसं तीन महिने लांबलं. आल्या मात्र त्या साग्रसंगीत: कुंची, झबली, घुगऱ्यांसाठी हरभरे, सगळं पुण्याहून. विसरल्या एकच गोष्ट.

"वरवंटा! अगं, आता गोप्या कशाचा करायचा?"

बाळाच्या आधी वरवंट्याला झबलं-टोपडं घालून पाळण्यात निजवायचं, मग पाळण्याच्या वरून-खालून या हातातून त्या हातात द्यायचं, ही त्यांची रीत. ब्लेंडरवर भागणाऱ्या घरात वरवंटा कुठून यायचा?

"आई, थांब. आहे आपल्याकडे," अवधूत म्हणाला.

बुजवलेली फायरप्लेस उघडताना त्याला लादीखाली एक दगड मिळाला होता. लांबट, गुळगुळीत, एका टोकाला निमुळता. झबलं त्याला असं बसलं की जणू मापाने शिवलं होतं.

शनिवारी दुपारी छान ऊन होतं. मेडनहेडहून अनुयाची नणंद आसावरी आली. शेजारच्या मिसेस थर्लो बागेतली फुलं घेऊन आल्या आणि कौतुकाने कोपऱ्यात बसल्या. नाव सांगायचा मान आत्याचा, आणि आसावरीला धीर कसला तो नाही.

"वहिनी, आधी रिहर्सल करते हं!" तिने गोप्याला उचललं आणि टोपड्याशी तोंड नेलं. "कुर्रर्र... कस्तुरी!"

सगळे हसले. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. "गोप्याच्या कानात नाव सांगत नसतात गं," त्या म्हणाल्या, पण गाणं सुरू झालं होतं.

"कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या..."

आसावरीने पाळण्याखालून गोप्या पुढे केला. पलीकडे सासूबाई हात पसरून बसल्या होत्या.

"आई, घेतलास ना?"

"तू सोडशील तेव्हा घेईन ना!"

आसावरीचे दोन्ही हात रिकामे होते. अनुयाने ते बघितले. सासूबाईंचेही रिकामे होते. मग जरा उशिराने सासूबाईंचे हात एकदम खाली झुकले.

"जड आहे हो," एवढंच त्या म्हणाल्या.

पुढे खऱ्या कानात नाव सांगितलं गेलं, आसावरीच्या पाठीत बुक्के बसले, घुगऱ्या वाटल्या. कस्तुरीने आत्याकडे मान वळवली नाही. ती फायरप्लेसकडे बघत होती.

त्यानंतर तसंच होऊ लागलं. टाळी वाजवली की पोर दचकायची, खुळखुळ्याला हसायची. "कस्तुरी" म्हटलं की मात्र फायरप्लेसकडे बघायची, कुणीतरी दुसरंच ओ देणार असल्यासारखी. गोप्या तिथेच फळीवर होता. झबलं काढायचं राहून गेलं होतं.

कानांची टेस्ट नॉर्मल आली. पण वजन वाढेना. पोर पोटभर प्यायची आणि तरी तिचे गाल उतरत चालले. अनुयाने जी कारणं ती इतर आयांना समजावून सांगायची, ती सगळी स्वतःला सांगून बघितली. रक्त तपासलं, सगळं ठीक होतं. सासूबाई आसावरीकडे गेल्या होत्या, अवधूत ऑफिसात. दिवसभर ती पोरीला मांडीवर घेऊन बसायची.

एका दुपारी मिसेस थर्लो अंडी द्यायला आल्या. फळीवरचं झबलं जरा सरकलं होतं. आतला दगड बघून त्या उभ्याच राहिल्या.

"हा दगड कुठे मिळाला तुला?"

"इथेच, लादीखाली. का?"

"आमच्या गावात एक गोष्ट सांगतात," त्या म्हणाल्या. "चारशे वर्षांपूर्वी या घरात प्युरिटन, म्हणजे चर्चच्या खुणा-विधी न मानणारं, कुटुंब राहायचं. त्यांना बाळ झालं. कपाळावर क्रॉसची खूण केल्याशिवाय पाद्री बाप्तिस्मा देईना, आणि बाप ती खूण करू देईना. दोघं हटून बसले. बाळ बिननावाचंच राहिलं. तेवढ्यात अमेरिकेला जाणारं जहाज निघालं. बाळ तापाने फणफणलेलं, त्याला जहाजावर घेईनात. मग दाईपाशी ठेवून गेले. घर उभं राहिलं की बोलावून घेतो म्हणाले."

"बोलावलं?"

"नाही. त्याआधीच बाळ गेलं. बाप्तिस्मा नाही म्हणून त्याला चर्चच्या आवारात जागा मिळाली नाही, दाईने याच घरात लादीखाली पुरलं म्हणतात. आणि वर ठेवलेल्या दगडावर कोरायला नावही नव्हतं, डिअर."

त्या गेल्यावर अनुयाने दगड उचलला आणि पोरीला मांडीवर घेऊन बसली.

तो कोमट होता. त्या भिंतीवर ऊन कधीच यायचं नाही.

झबल्याचा गळा ओला होता. तिने नाकाशी नेला. दुधाचा वास.

"कस्तुरी," ती हळूच म्हणाली. मांडीवरच्या पोरीने तिच्याकडे नाही, दगडाकडे बघितलं. हातातला दगड किंचित जड झाला.

आधी याच्याच कानात सांगितलं होतं ते नाव. हक्क त्याचाच होता.

आता त्याला दुसरं नाव द्यायला हवं होतं, त्याचं स्वतःचं. अनुयाला एकच नाव आठवलं. पोटातच गेलेल्या त्या मुलीचं तेवढंच तर उरलं होतं तिच्यापाशी. ते द्यायचं म्हणजे काळीज कापून द्यायचं. तिने पोरीचे उतरलेले गाल बघितले.

मग दगडाला दोन्ही हातांत धरलं आणि त्याच्या निमुळत्या टोकाशी ओठ नेले.

"कुर्रर्र... तनू."

मांडीवर हालचाल झाली. "कस्तुरी?" अनुया म्हणाली, आणि तिच्या लेकीने तिच्याकडे मान वळवली. ती तोंडभर हसली. अनुया हमसून हमसून रडली.

वजन वाढलं. घरी येऊन बाळाला तपासणारी हेल्थ व्हिजिटर खूश झाली. "लव्हली! जे करताय ते असंच चालू ठेवा," म्हणाली.

त्या दिवशीची दुपार झाली. कस्तुरी पिऊन गाढ झोपली होती. अनुया स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. घरात चिटपाखराचा आवाज नव्हता.

एकाएकी तिची छाती ठणकली. तान्हं रडलं की ठणकते तशी. बघता बघता कुर्ता ओला झाला.

तिने कान देऊन ऐकलं. काहीच ऐकू येत नव्हतं. दूध मात्र थांबेना.

अनुयाने हात धुतले, ओला कुर्ता झाकायला शाल घेतली आणि फायरप्लेसपाशी जाऊन बसली.

"आले गं, तनू," ती म्हणाली. "आले."