हंसाच्या मानेचं धुपाटणं

"जरा बाजूला सरकता का? मोर दिसंना झालाय."

तुळजा दचकली. जुन्या जालन्यातल्या त्या देवळात चांदीच्या समईवर ती इतकी वाकली होती, की खांबाला टेकून चित्र काढत बसलेला तरुण तिला दिसलाच नव्हता.

"मोर न्हाई तो. हंस हाय."

"तुरा हाय की त्याला!"

"तुरा न्हाई, काजळीची पुटं हायेत." तिनं पदराच्या टोकानं पक्ष्याचं डोकं पुसलं. तुरा निघून आला.

तो मोकळं हसला. "मंग माझी तासाभराची मेहनत गेली..."

तीही हसली, आणि आपण हसलो म्हणून लाजून लगबगीनं निघाली.

धर्मराज त्याचं नाव. जात सोनाराचीच, पण बापानं केदारखेड्याला शेती धरलेली. हा शाळेत चित्रकलेचा मास्तर. देवळांतल्या जुन्या घंटा, समया तो वहीत उतरवून घ्यायचा. ती बद्रीनाथ सोनारांची मुलगी, हे त्यानं त्याच दिवशी शोधून काढलं. मग त्याची अंगठी ढिली झाली आणि ती घेऊन तो त्यांच्या दुकानात गेला. पुढच्या आठवड्यात चांदीचं बटण तुटलं. नंतर करदोट्याची कडी.

"मास्तर, तुमच्या घरात एक तरी वस्तू धड हाय का?"

"बिलकुल न्हाई," तो म्हणाला, आणि नजर मात्र तिच्यावरून हलवली नाही.

एके दुपारी हाकेला ओ आली नाही, म्हणून तो आतल्या खोलीत डोकावला. ठोके झेलणाऱ्या राळेच्या थरावर बसवलेला चांदीचा पत्रा, आणि छिन्नीवर हातोडीचे हलके, नेमके ठोके... तुळजाचे! बद्रीनाथ नुसते शेगडीजवळ बसले होते. दोन वर्षांपासून त्यांचे हात कापत होते.

"कुणाला सांगू नका," ती कळवळून म्हणाली. "देवाच्या वस्तूला पोरीचा हात लागतो, हे कळलं तर दुकान बसंल."

"न्हाई सांगणार. शब्द हाय."

त्यानंतर तो वही घेऊनच येऊ लागला. दुकानाच्या जुन्या गिऱ्हाईक प्रेमबाईंनी जैन मंदिरासाठी धुपाटणं सांगितलं होतं. "नेहमीसारखं नको, काही नवं करा," म्हणाल्या होत्या. तुळजानं वहीतली समई निवडली, हंसाची मान लांबवली, तिचीच मूठ केली. धूर चोचीतून निघेल अशी. पान उलटताना दोघांची बोटं टेकली — आणि दोघांनीही घाईनं पान पुन्हा मागं उलटलं.

धुपाटणं न्यायला प्रेमबाई आल्या, तेव्हा धर्मराज तिथंच होता. त्यांनी मूठ हातात धरली, धर्मराजच्या उघड्या वहीतला हंस बघितला आणि बघतच राहिल्या.

"मास्तरजी, चित्र तुमचं, मंग कामबी तुमचंच! पालखीची चांदीबी तुम्हीच करा."

बद्रीनाथांनी मान खाली घातली. धर्मराजनं वही मिटली.

"न्हाई बाई. चित्र माझं. हात तुळजाचा."

प्रेमबाईंनी तिची काळवंडलेली बोटं बघितली.

"तरीच! मी दोन वर्षांपासून म्हणून राह्यले, या वयात बद्रीनाथजींचा हात इतका हलका कसा झाला? मंग पालखी हिच्याकडंच. पण जल्दी पाहिजे बरं."

त्या गेल्या, बद्रीनाथ आतल्या खोलीत वळले, तशी तुळजा उसळली. "शब्द दिल्ता तुम्ही!"

"मोडला. चुकलंच माझं." त्याचा आवाज उतरला. "पण तुमची मेहनत माझ्या नावावर गेली असती, तर तुमच्याकडं बघायला तोंड उरलं नसतं मला."

"आणि मी बोलणंच सोडलं तर?"

"तर तेल गेलं, तूप गेलं... आणि धुपाटणंबी प्रेमबाईंनी नेलं."

तिला रागावून राहायचं होतं. हसू फुटलंच.

"बघायचंय तरी कशाला माझ्याकडं?"

"जल्मभर बघायचंय," तो हळूच म्हणाला. "तुमची ना नसंल तर..."

रस्त्यावरून टांगा खडखडत गेला. तिनं शेजारची हातोडी उचलून हातात घेतली.

"मी लग्नानंतरबी हातोडी खाली ठेवणार न्हाई."

"कोण ठेव म्हणतंय?"

"मंग भाकरी कोण करंल?"

"मी करीन. वाकड्या होतात... पण येतात."

आतून बद्रीनाथांचा खोकला ऐकू आला, आणि पाठोपाठ आवाज.

"पोरी, वाकड्या भाकरी खाऊन कुणी मेलं न्हाई. हो म्हण!"

"म्हणलं की, बापू," तुळजा म्हणाली — आणि बापूंकडं नाही, धर्मराजकडं बघत म्हणाली.