निरोगी गटातलं रक्त

"मी सांगितल्याशिवाय डोळे उघडू नका," तिनं सुई काढत म्हटलं, "झालंसुद्धा."

"एवढ्यात? मी तर... अजून घाबरायची तयारी करत होतो."

तो व्हायोलिनं दुरुस्त करायचा. शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं तसल्या संधिवातानं त्याच्या आईची बोटं वाकली होती. संशोधनासाठी दोघांनी रक्त दिलं. जाताना त्यानं आईच्या स्वेटरची बटणं लावली, तिच्याशी गप्पा मारतच. रक्त घेणारी ती प्रयोगशाळेच्या काचेआडून बघत राहिली.

पुढे तो काही ना काही निमित्त काढून यायला लागला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंही नाही.

"नक्की शोधतेस काय गं?"

"जनुकांवर बारीक रासायनिक खुणा असतात. सांधे दुखायच्या आधीच त्या बदलतात का, ते."

"आणि प्रेमात पडायच्या आधी... काही बदलतं?"

"ती तपासणी अजून निघाली नाही," ती म्हणाली. कान मात्र लालबुंद झाले होते.

मग तुलनेसाठीच्या निरोगी गटात एक नमुना कमी पडला, म्हणून तिनं स्वतःचं रक्त घातलं. खुणा त्याच्या आईसारख्याच निघाल्या.

"ही नुसती शक्यता आहे," प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी समजावलं. "लक्ष ठेवू. वेळेवर औषध दिलं की पुष्कळ फरक पडतो."

पण तिच्या डोळ्यांपुढून ती बटणं हलेनात. तरुणपण त्यानं आईच्या दुखण्यात घालवलं, आता पुन्हा बायकोच्या?

त्याच आठवड्यात त्यानं लग्नाचं विचारलं.

"माझ्या मनात तसं काही नव्हतं," ती म्हणाली.

तो "बरं," म्हणाला आणि गेला.

काही वर्षांनी तिची बोटं सुजलीच. लगेच औषध सुरू झालं, सूज उतरली. तपासणीला गेली असताना दवाखान्याच्या जिन्यात तो भेटला; बायकोला बाळंतपणासाठी आणलं होतं. या वेळी तिनं सगळं सांगून टाकलं.

तो कठड्याला टेकला. "माझ्या वतीनं तूच ठरवून मोकळी झालीस."

"तुला त्रास नको, म्हणून—"

"एकदा विचारायचं तरी होतंस गं. मी हो म्हटलं असतं."

वरून नर्सनं हाक मारली. दोन पायऱ्या चढून तो थांबला.

"फार दुखतं का?"

"नाही. औषध लागू पडलंय."

"बरं झालं," तो म्हणाला. त्याला खरंच बरं वाटलं होतं. तेच तिला सोसवेना.