विझलेल्या चुलीचा दाणा

लाईट बारा वाजता येईल असं वायरमन म्हणतो, म्हणजे एक तरी वाजणार. तोवर उसाला पाणी नाही आणि आपल्याला झोप नाही. भाग्येश, तो मोबाईल खिशात घाल. घालतो का देऊ विहिरीत फेकून? परवा याने मला त्यात कापसाच्या भावाची रेघ दाखवली, वर चढणारी, खाली उतरणारी. वर म्हणतो कसा, 'नाना, चित्र खोटं बोलत नाही.' बरं बाबा, नाही बोलत. पण चित्र अर्धंच बोललं तर काय होतं, ते सांगतो. शेकोटीत दोन पऱ्हाट्या टाका आणि मध्ये मध्ये बोलू नका.

मी संस्थेची गाडी चालवायचो तेव्हाची गोष्ट. तेवीस साल, फेब्रुवारीची वीस तारीख, सोमवार. सोमवती अमावस्या. निघताना बायको, छबूबाई, म्हणाली, 'आज नका जाऊ.' मी म्हटलं, अमावस्येला काय डिझेल पेटत नाही? आणि निघालो.

गाडीत माझ्याबरोबर दानियल होता. चिंचपाड्याकडचा पोरगा, नाकासमोर चालणारा. त्याचं काम गावाची माहिती चित्रात मांडायचं. नवापूरच्या डोंगरातल्या एका गावात नाल्यावर साकव व्हायचा होता, पायी जाण्यापुरता लहान पूल. गावाचं नाव सांगत नाही, तुम्ही उद्या गाड्या काढून बघायला जाल. नाला ओलांडायला जागा दोन. वरचा उतार शाळेजवळ, खालचा उतार महूच्या, म्हणजे मोहाच्या, झाडाजवळ. साकव मात्र एकच मिळणार होता. संस्थेच्या साहेबांनी दानियलला बजावलं होतं, पानभर आकडे आणू नको, एका नजरेत कळेल असा तक्ता आण. दुसऱ्या दिवशी ग्रामसभा, आणि तक्ता सांगेल तिथे पूल.

आता दानियलचा जीव कुठे अडकला होता ते ऐका. त्याची धाकटी बहीण एस्तेर खालच्या उताराच्या पलीकडच्या पाड्यात दिलेली. तिला तिसरा महिना. म्हणजे बाळंतपण येणार श्रावणात, नाला भरून वाहताना. आणि दवाखाना नाल्याच्या अलीकडे.

दुपारी समाजमंदिराच्या फरशीवर गाव मांडलं. बायकांनी निळ्या रांगोळीने नाला काढला, पांढरीने वाटा. दानियलने नियम सांगितला, 'ज्या घराची चूल पेटते, त्या घराला मक्याचा एक दाणा. त्या घरातलं कोणी नाल्यात वाहून गेलं असेल, तर दाण्याशेजारी एक लाल गुंज.' माणसं एकेक करून आली, आपलं घर शोधलं, दाणा ठेवला. गाव असं उमटलं पोरांनो, मला वाटलं वरून घार बघते आहे. वरच्या उताराशी तीन गुंजा पडल्या. खालच्या उताराशी एकही नाही.

दानियलचा चेहरा उतरला. एस्तेर तर कायम सांगायची की खालचा उतार वाईट आहे. त्याने दोनदा विचारलं. माणसं खाली बघायला लागली.  मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, 'दान्या, ठेव ना एक गुंज तिकडे. कोण मोजायला बसलंय?' तो माझ्यावर चिडला. म्हणाला, 'दादा, एक ठिपका खोटा घातला की सगळाच तक्ता खोटा. मग माझ्या बहिणीसाठी का असेना.'  ते बरोबरच होतं.

रात्री जेवून मी गाडीत आडवा झालो. दानियल आत राहिला. कुत्री-शेळ्या येऊन नक्षा मोडतील म्हणून त्याने आतून कडी लावली. बॅटरीचा दिवा, मोठा कागद, लाल-पिवळे पेन. फरशीवरचं गाव कागदावर उतरवायचं. पुढचं त्याने मला सांगितलं तसं सांगतो.

वरचा भाग उतरवून झाला. तो खालच्या उताराकडे वळला. आणि थांबला. महूच्या झाडाच्या पलीकडे, जिथे दुपारी नुसती फरशी होती, तिथे मक्याचा एक दाणा. शेजारी एक लाल गुंज.

त्याला वाटलं, हे एस्तेरच्या नवऱ्याचं काम. योहान दुपारी तिथेच घुटमळत होता. पूल आपल्याकडे यावा म्हणून ठेवून गेला असेल. दानियलला राग आला. दोन्ही उचलून उरलेल्या दाण्या-गुंजांच्या वाटीत टाकले आणि कामाला लागला.

थोड्या वेळाने मान वर केली... दाणा तिथेच. गुंज तिथेच.

वाटीत बघितलं. वाटीतही गुंजा होत्याच, त्या काय मोजलेल्या होत्या? म्हणाला, आपणच उचलायचं विसरलो. परत उचलले. या वेळी बोटांना ओल लागली. दाणा ओला होता. भिजत घातलेला असतो तसा, फुगलेला. त्याने बोटं शर्टाला पुसली. कडी बघितली. लागलेली होती. खिडकीही बंद होती. फेब्रुवारी महिना, नाल्यात ओंजळभर पाणी नाही. ओल कुठून येणार?

त्याने दाणा मुठीत धरला. घट्ट. म्हटलं, आता बघू.

तो कागदाकडे वळला नाही. फरशीकडेच बघत बसला.

आणि त्या जागेपासून... एक रेघ निघाली.

पांढरी. बारीक. बाई चिमटीतून रांगोळी सोडते तशी. हात नव्हता. चिमूट नव्हती. रेघ मात्र पुढे येत होती. महूच्या झाडाशी वळली. उताराला लागली. अधूनमधून थांबायची... चालून दमल्यासारखी. मग पुन्हा पुढे.

निळ्या पट्ट्याच्या काठाशी आली.

थांबली.

दानियल म्हणाला, 'दादा, मनात मी ओरडत होतो. नको जाऊ. पुढे नको जाऊ.'

रेघ निळ्यात शिरली.

मध्यापर्यंत गेली...

अलीकडे आलीच नाही.

मग कडी निघाल्याचा आवाज मी ऐकला. दार धाडकन भिंतीवर आदळलं. दानियल माझ्या गाडीच्या काचेवर थापा मारत होता, मूठ अजून आवळलेली. मी खाली उतरून आत गेलो. रेघ मी या डोळ्यांनी पाहिली आहे, भाग्येश. हसू नको. पाहिली आहे. महूपासून नाल्याच्या मध्यापर्यंत, आणि पुढे काही नाही. दानियलने मूठ उघडली. दाणा मुठीत नव्हता. तो फरशीवर, आपल्या जागेवर होता.

समोरच्या घरात हन्नाआजी राहायची. म्हातारी जागीच होती. दानियल तिच्याशी त्यांच्या बोलीत बोलला, आणि तिने एवढंच विचारलं की दाणा नेमका कुठे आहे. त्याने जागा सांगितली.  मग माझ्यासाठी मराठीत म्हणाली, 'ती कमलीची जागा.'

कमलीबाई म्हणून एक तरणी बाई तिथे राहायची. नवरा सुरतेकडे कामाला. मागच्या पावसाळ्यात ती एकटीच घरातून निघाली, खालच्या उताराने नाला ओलांडायला गेली आणि वाहून गेली. त्या पाड्याची रीत अशी की पाण्यात माणूस गेलं की ते घर मोडायचं. लाकूडफाटा काढून न्यायचा, चूल पुरायची, आणि त्या माणसाचं नाव चारचौघांत काढायचं नाही. नवरा आला, घर मोडून गेला तो गेलाच. दानियलने विचारलं की मग दुपारी मला कोणी का नाही सांगितलं? तेव्हा आजी म्हणाली, 'तू पेटत्या चुलीला दाणा म्हणालास ना, बाळा? तिची चूल कुठे पेटते?'

दानियलला तिथेच कळलं. मलाही तेव्हा उमगलं. वरच्या अंगाला माणूस गेलं तरी घर उभं राहतं. खालच्या पाड्यात माणूस गेलं की घरही जातं. म्हणजे जिथे सगळ्यात जास्त माणसं जातील, तिथलंच चित्र सगळ्यात स्वच्छ. दानियलचा नियम चुकला होता. लोकांनी बिचाऱ्यांनी तो इमानाने पाळला.

मी आजीला विचारलं, 'पण एवढ्या पावसात ती निघाली कुठे होती?' आजी म्हणाली, 'कोण जाणे. दवाखान्याच्या वाटेला होती. आजारी तर नव्हती. चांगली धडधाकट बाई.'

दानियल परत आत गेला. मी दारात उभा राहिलो, खोटं कशाला सांगू, आत पाय टाकला नाही. त्याने प्रार्थना केली. मग कागदावर कमलीबाईच्या जागी एक लाल ठिपका दिला. बाकीचे होते तेवढाच, एकाच पेनाचा. बाहेर येऊन म्हणाला, 'दादा, आता शांत आहे.'

सकाळी ग्रामसभेआधी त्याने नियम बदलला. विझलेल्या चुलींनाही दाणा. आधी कोणी पुढे येईना. मग हन्नाआजी काठी टेकत आली, आपल्या भावाच्या मोडलेल्या घराचा दाणा तिने ठेवला. मग बाकीचे आले. बायका रडत होत्या आणि दाणे ठेवत होत्या. खालच्या उताराशी लाल लाल झालं. दानियलने ते सगळे ठिपके तक्त्यावर उतरवले. साहेब तक्त्यासमोर नुसते उभे राहिले. कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. साकव खालच्या उताराला झाला, पावसाच्या आत झाला. श्रावणात भर पुरात एस्तेरला त्याच साकवावरून खाटेवर घालून आणलं. मुलगी झाली. दोघी सुखरूप.

तो तक्ता प्लास्टिकमध्ये बंद करून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावला आहे. दिवाळीनंतर मी दानियलला घेऊन तिकडे गेलो, तेव्हा एस्तेर पोरीला खांद्याशी घेऊन तक्ता बघत उभी होती. तिने कमलीबाईच्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, 'दादा, हा बारका कशाचा?'

आम्ही वाकून बघितलं. दानियलने दिलेल्या ठिपक्याला अगदी चिकटून, प्लास्टिकच्या आत, अजून एक लाल ठिपका होता. मोहरीएवढा. दानियल म्हणाला, हा मी दिलेला नाही.

एस्तेरने पोरीला छातीशी धरलं. म्हणाली, 'ती दवाखान्याकडे का निघाली होती, ते कोणालाच कळलं नाही ना? एकटी नव्हती ती.'

 मी प्लास्टिकवरून बोट फिरवलं तर वरून कोरडं होतं. आत, त्या बारक्या ठिपक्याभोवती, कागद ओला होता.