धबधबा समुद्रात पडतो की नाही?

धबधबा खरोखर सरळ समुद्रात पडतो की नाही, एवढं बघायला ही दोघं घरातून निघाली होती. खरं कारण सांगितलं तर लोक वेड्यात काढतील, म्हणून डेपोत त्यांनी "जरा फिरून येतो" एवढंच सांगितलं.

बाई कंडक्टर आणि त्यांचा नवरा त्याच बसचा ड्रायव्हर. बावीस वर्षं एकच रस्ता, सकाळी सहाची पहिली फेरी. एकदा मागच्या सीटवर कुणीतरी जुनं कॅलेंडर विसरून गेलं. त्यातल्या एका पानावर हिरवागार कडा होता आणि वरून धबधबा थेट निळ्या समुद्रात पडत होता. खाली बारीक अक्षरात बेटाचं नाव. बाईंनी ते पान स्वयंपाकघरात फ्रीजवर चिकटवलं. ड्रायव्हरसाहेब म्हणाले, "दोन फोटो जोडलेत गं. धबधबा समुद्रात कसा पडेल? मधे थोडी जमीन नको?" बाई म्हणाल्या, "पडतो." त्यावर घरात सहा वर्षं अधूनमधून भांडण होत राहिलं.

यंदा मात्र आणखी एक गोष्ट होती. बाईंचे गुडघे कुरकुरायला लागले, तशी डेपोने त्यांना ऑफिसात खुर्ची देऊ केली. हो की नाही, ते महिनाअखेरीला लेखी द्यायचं. हो म्हटलं तर साहेबांच्या गाडीत दुसरा कंडक्टर येणार. बाईंनी नवऱ्याला विचारलं, "तुमचं काय म्हणणं?" साहेब म्हणाले, "तू ठरवशील तसं." चार दिवसांनी पुन्हा विचारलं. "तू म्हणशील तसं." बाईंचं डोकंच फिरलं. भिंतीला विचारलं असतं तर निदान प्रतिध्वनी तरी आला असता! बावीस वर्षं एका गाडीत काढली, त्या माणसाला आपण शेजारी हव्या आहोत की नकोत, एवढंसुद्धा कळू नये? मग त्यांनी वीस दिवसांची रजा टाकली, दोन सॅक आणल्या आणि जाहीर केलं, "चला. ते बेट बघायचं." मनात म्हणाल्या, तिथपर्यंत याच्या तोंडून काढून घेईन, नाहीतर नावाची कंडक्टर नाही!

पहिल्याच किनाऱ्यावरच्या गावात दोघांची चुकामूक झाली. साहेब चालताना फक्त समोर बघतात आणि बाई सगळीकडे बघतात, मग दुसरं काय होणार? दोन तासांनी ते बंदराच्या दारात भेटले, तेव्हा बाईंनी नियमच घालून दिला. साहेबांनी पुढे चालायचं, बाई मागून. सॅकवर एक टपली म्हणजे थांबा, दोन टपल्या म्हणजे चला. बसमधल्या बेलसारखंच! साहेबांच्या चेहऱ्यावर गावात हरवल्यापासून पहिल्यांदा समाधान दिसलं.

आणि मग काय मजा सुरू झाली म्हणता! प्रत्येक बेट आधीच्यापेक्षा लहान, प्रत्येक लाँच आधीच्यापेक्षा जुनी. लाँचमध्ये साहेब थेट सुकाणूवाल्याच्या मागे जाऊन उभे राहायचे आणि मोठी लाट आली की उजवा पाय फळीवर दाबायचे. सुकाणूवाल्याने दोनदा मागे वळून बघितलं, तिसऱ्यांदा हसून त्यांना शेजारी बसवून घेतलं. बाई इकडे माणसं मोजत होत्या. सवयच ती! "चढताना त्रेचाळीस होते, आता बेचाळीस आहेत," त्यांनी ओरडून सांगितलं. शोधाशोध झाली. एक जाडजूड प्रवासी दोरखंडाच्या ढिगामागे गाढ झोपलेला सापडला. त्यानंतर त्या लाँचवर बाईंना बसायला सगळ्यात चांगली जागा मिळाली.

दिवस भराभर गेले. पत्र्याच्या छपराच्या खोल्या, दोरीवर वाळत टाकलेले कपडे, पायाला कायम चिकटलेली वाळू, दारातून दिसणारा समुद्र सकाळी हिरवा आणि दुपारी निळा. एका बेटावर तीन तास चिखलातून जंगल तुडवलं आणि जळवा काढता काढता दोघांनी एकमेकांच्या पायांना नावं ठेवली. बाईंना इतकं हसू आलं की त्या चिखलातच बसल्या. लग्नानंतर आपण असे कधी हुंदडलोच नाही, असं त्यांना वाटलं, आणि जरा वाईटही वाटलं. रोज संध्याकाळी त्या विचारायच्या, "मग? खुर्चीचं काय?" आणि साहेब म्हणायचे, "बघू."

चौदाव्या दिवशी ते शेवटून दुसऱ्या बेटावर पोचले. समोर ते बेट! कड्याचा हिरवा पाठमोरा डोंगर, मधे अर्धा मैल समुद्र. ओहोटीला त्या समुद्रातून वाळूचा एक पट्टा वर येतो आणि माणूस चालत पलीकडे जातो, असं होडीवाल्या मावशींनी सांगितलं. मावशी जाळी घेऊन मासेमारीला निघाल्या होत्या.

"तो काळा खडक बघा," त्या म्हणाल्या. "त्यावर मी पांढरा पट्टा ओढलाय. पट्टा कोरडा आहे तोवर खुशाल चाला. मधे रेंगाळू नका हं! भरती इथे सांगून येत नाही. संध्याकाळी मी पलीकडे होडी घेऊन येते, परत आणते तुम्हाला."

"वेळेच्या बाबतीत आमची काळजी नको," साहेब म्हणाले. "बावीस वर्षांत एक फेरी चुकली नाही."

निघाले. पुढे साहेब, मागे बाई, दोन्हीकडे पारदर्शक पाणी आणि पायाखाली घट्ट ओली वाळू. सामान बाईंनी नेहमीप्रमाणे जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून सॅकमध्ये भरलेलं. गाडीत लोक काय काय सांडतात, हे बघितलेल्या बाईचं बांधणं ते! वारा छान होता. साहेब शीळ घालत होते.

अर्ध्या वाटेवर बाईंना कासव दिसलं. परातीएवढी पाठ, म्हाताऱ्यासारखं सुरकुतलेलं डोकं! त्यांनी साहेबांच्या सॅकवर एक टपली मारली. साहेब थांबले. कासवाने मान वर काढली, श्वास घेतला, बुडालं. पुन्हा वर आलं. त्याच्यामागून दुसरं आलं. बाई गुंग झाल्या. मधेच त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, तर तोही समोर बघत अगदी शांत उभा. हा माणूस कधी नव्हे तो एका जागी उभा राहून काहीतरी बघतोय, याला हाक मारायची नाही, असं त्यांनी ठरवलं आणि त्यांना फार बरं वाटलं.

किती वेळ गेला कोण जाणे. घोट्याला गार लागलं, म्हणून त्यांनी खाली बघितलं.

पाणी!

त्या गर्रकन वळल्या. काळ्या खडकावरचा पांढरा पट्टा नाहीसा झाला होता. मागची वाळूही गेली होती.

"अहो! भरती!"

"मग चला म्हण ना!" साहेब ओरडले. "केव्हाचा उभा आहे मी!"

बाईंनी दोन टपल्या हाणल्या. दोघं पळत सुटली. पाणी पोटऱ्यांवर आलं. गुडघ्यांवर आलं. मग कमरेला धडक बसली आणि डावीकडून प्रवाह असा लोटला की साहेबांचे पाय सुटले. त्यांना पोहता येत नव्हतं!

बाई कालव्याकाठी वाढलेल्या. त्यांनी साहेबांची सॅक पाठीवरून ओढून पुढे घेतली, त्यांना तिच्यावर पालथं पाडलं. पिशव्यांत हवा होती. सॅक तरंगली!

"घट्ट धरा! मानेवर एक टपली, पाय थांबवा. दोन टपल्या, पाय मारा. कळलं?"

"कळलं!"

किनारा समोर होता, पण प्रवाह त्यांना बाजूला, बेटाच्या टोकाकडे ओढत होता. टोकापलीकडे मोकळा समुद्र. बाईंनी प्रवाहाशी झगडा केला नाही. तिरकं निघायचं, हे कालव्याने शिकवलं होतं. दोन टपल्या. साहेबांनी पाय मारले. लाट आली. एक टपली. लाट डोक्यावरून गेली. दोन टपल्या! खाण्याची पिशवी सुटली, गेली. एक चप्पल गेली. जाऊ दे! टोक जवळ येत होतं, भलतंच जवळ. आणखी वीस हात वाहिले की मोकळ्या समुद्रात गेलोच.

तेवढ्यात बाईंचा उजवा गुडघा आखडला. कळ थेट कमरेपर्यंत गेली. त्यांच्या तोंडात पाणी शिरलं. बुडू नये म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी सॅकचा पट्टा धरला, आणि टपली मारायला हातच उरला नाही! साहेब पाय थांबवून वाट बघत होते. बाईंना ओरडायचं होतं, आवाज फुटेना.

साहेबांनी मान वळवली. बावीस वर्षांत चालू गाडीत त्यांनी कधी मागे वळून बघितलं नव्हतं. बायकोचा चेहरा बघितला आणि त्यांनी एका हाताने तिचा दंड पकडला.

मग त्यांनी पाय मारायला सुरुवात केली. कोणी सांगितलं नाही, कोणी थांबवलं नाही. धाड धाड धाड! पाणी उडत होतं, दिशा वेडीवाकडी, डोळे मिटलेले, पण पाय थांबेनात. एक लाट आली, त्यांनी तीही तशीच फोडली. दुसरी लाट मात्र मागून आली आणि दोघांना उचलून पुढे फेकून गेली. साहेब आणखी जोरात पाय मारत राहिले.

"अहो," बाई खोकत म्हणाल्या. "अहो, पुरे!"

"गप बस! सोडू नकोस!"

"अहो, वाळू लागली! गुडघाभर पाण्यात आहोत आपण!"

दोघं वाळूवर आडवी झाली. बराच वेळ नुसती धापा टाकत होती. मग बाई कोपरावर उठल्या. "तुम्ही तिथे उभे का राहिलात?"

"तू एक टपली मारलीस म्हणून!"

"अहो, कासव दाखवायला मारली होती!"

"कासव? कुठलं कासव? मला वाटलं पुढे खड्डा दिसलाय तुला. आता दोन टपल्या पडतील, मग पडतील, असं करत उभा राहिलो."

 बाई हसायला लागल्या. साहेबही हसले. पोट दुखेपर्यंत हसले, आणि हसता हसता बाईंना रडू आलं, कारण मोकळा समुद्र वीस हातांवर होता, हे आता कुठे त्यांच्या अंगात उतरत होतं. साहेबांनी त्यांच्या केसांतली वाळू झटकली आणि गुडघा चोळून दिला.

धबधब्याचा आवाज येत होता. एका पायात चप्पल, एका पायाला साहेबांचा ओला शर्ट गुंडाळलेला, अशा थाटात बाई नवऱ्याचा खांदा धरून निघाल्या. खडकांवरून वळसा घालून बेटाच्या मागे पोचायला तास लागला. शेवटचा खडक ओलांडला आणि दोघं जागच्या जागी खिळली.

होता! हिरव्या कड्यावरून पाण्याची पांढरीशुभ्र धार सुटली होती आणि मधे कुठेही जमीन न लागता सरळ निळ्या समुद्रात कोसळत होती! तुषार पार यांच्या तोंडावर येत होते.

"घ्या!" बाई ओरडल्या. "दोन फोटो जोडलेत म्हणे!"

 साहेबांनी धार वरपासून खालपर्यंत दोनदा निरखून बघितली. मग एकदम, धबधब्याच्या वर आवाज काढून, ओरडलेच.

"नको घेऊस ती खुर्ची!"

"काय?"

"नको घेऊस! मला दुसरा कंडक्टर नकोय! तू गाडीत नसलीस तर माझा दिवस जाणार नाही! मघाशी तू बुडत होतीस, तेव्हा मला एवढंच कळत होतं! कुणाला हसायचं असेल त्याने हसावं!" एवढं बोलून त्यांना धाप लागली. कान लाल झाले होते.

बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बावीस वर्षांत हा माणूस इतकी वाक्यं सलग बोलला नव्हता. त्यांनी नवऱ्याचा लाल कान पकडला आणि जवळ ओढलं.

"किती गोड बोललात हो," त्या म्हणाल्या. "पण खुर्ची मी घेणार आहे. उभं राहवत नाही आता."

साहेबांनी कान सोडवून घेतला. "मग इतके दिवस विचारत का होतीस?"

"ऐकायचं होतं," बाई म्हणाल्या.